विहीणबाई, तुमचा इलाज कधी संपणार होता?

विहीणबाई, तुमच्या गोळ्या फुटाण्याच्या डब्यात सापडल्या.

तुम्ही गेल्यावर माणसं बसायला येऊ लागली. कुणाचं तरी लेकरू रडत होतं, त्याच्या हातावर फुटाणे ठेवावेत म्हणून सुरेखानं डबा उघडला. वर मूठभर फुटाणे आणि खाली नुसत्या पट्ट्या. सगळ्या भरलेल्या. तुमची सून, म्हणजे माझी लेक, तो डबा पोटाशी धरून माझ्यापुढं येऊन उभी राहिली. मी म्हटलं, "झाक आधी." दुसरं काही तोंडातून निघेना. मला गप्प करणं तुम्हालासुद्धा कधी जमलं नव्हतं, ते त्या डब्यानं करून दाखवलं.

तुम्ही गोळ्या फेकल्या असत्या तर मी समजले असते की कंटाळलात. पण तुम्ही त्या जपल्या होत्या. ओल लागू नये म्हणून डब्याच्या तोंडाला फडकं बांधलं होतं. म्हणजे परत सुरू करायच्या होत्या. कुणीतरी "झालं, आता घ्या तुमच्या गोळ्या" असं म्हणेल, याची तुम्ही वाट बघत होतात. तसं कुणी म्हटलंच नाही.

खरं सांगते, रडू यायच्या आधी मला भीती वाटली. तुम्ही जन्मात कुठली गोष्ट एकटीनं केलीत? मेथीच्या लाडवांनी कंबरदुखी गेली तर साऱ्या आळीच्या कंबरेला लाडू बांधलेत. मग गोळ्या डब्यात घालायचं हे शहाणपण तुम्ही कुणाकुणाला वाटून गेलात? मी पहिल्यांदा सुरेखालाच विचारलं, "तू घेतेस ना गं तुझी गोळी?" ती म्हणाली, "हाव की." आणि डबा फळीवर ठेवायला वळली. फळी समोर होती, ती मागं वळली.

आपली ओळख चपलेपासूनची. सुरेखाच्या लग्नात मी कशी दिसत होते ते तुम्ही नंतर नक्कल करून सगळ्यांना दाखवायचात. पूर्णेच्या रेल्वे कॉलनीतली मास्तरीण. नजर चांगली असताना चष्मा लावायची, बाई शिकलेली दिसावी म्हणून. तुमच्या तोंडचं "आमी" ऐकलं की माझ्या भुवया चष्म्याच्या वर जायच्या. खांद्याला पर्स, पर्समध्ये फक्त रुमाल आणि गर्व. त्या विदुषीला लग्नाच्या गडबडीत, सामानाच्या खोलीत, तुम्ही सापडलात. दातखीळ बसलेली, हातपाय झाडताहात. वर्गात मी पोरांना घसा फोडून सांगायचे की फेफरं आलेल्या माणसाला चप्पल हुंगवणं ही शुद्ध अंधश्रद्धा. आणि त्या दिवशी काय केलं? पायातली काढली आणि सरळ तुमच्या नाकाला लावली. थोड्या वेळानं तुम्ही डोळे उघडलेत. आधी चपलेकडं बघितलंत, मग माझ्याकडं.

"नवी हाय की, इहीनबाई. हिला वास कुठला? जुनी आणायची."

मग माझा हात धरून हळूच म्हणालात, "कुणाला बोलू नका. माझ्या दोन पोरी उजवायच्या हायत. चक्कर आली म्हना."

म्हटलं चक्कर. तेव्हापासून चक्करच म्हणत आलो. परभणीचे डॉक्टर फीट म्हणायचे, तुमच्या सासूबाई वारं म्हणायच्या, व्याही अशक्तपणा म्हणायचे. दुखण्याला नावं पुष्कळ होती, पण गोळी एकच होती आणि ती तुम्ही कधी चुकवली नाहीत. पोरी उजवल्या, नातवंडं झाली, तरी पदराच्या गाठीला ती असायचीच.

व्याही गेले आणि तुम्ही भिंतीला पाठ लावलीत. जेवण नको, बोलणं नको. मी पूर्णेहून यायचे, मुद्दाम खोड्या काढायचे, "इहीनबाई, भिंत पडत न्हाई, सोडा तिला," म्हणायचे. तुम्ही नुसतं बघायचात. तेव्हा आपल्या ऋतूनं, सुरेखाच्या लेकीनं, पुण्याहून येऊन तुमच्या मोबाईलवर ते लावून दिलं. पोरीनं मायेनं केलं. आणि गुण आला हे मी नाकारणार नाही. पंधरवड्यानं आले तर तुम्ही दारात उभ्या, आणि मला म्हणालात, "या, भिंत तुमच्यासाठी रिकामी ठेवलीय." त्या मोबाईलचे पाय धरावे असं वाटलं मला.

पण ते होतं काय, हे शेवटपर्यंत कळलं नाही. भांडण आपलं तिथंच अर्धं राहिलंय.

ऋतू म्हणाली होती समुपदेशन. मोबाईल उघडला की वर लिहिलेलं असायचं कार्यक्रम. आठवड्याला एक फोन यायचा, त्याला म्हणायचे सेशन. तुमच्या दिरांनी ते ऐकलं आणि घाबरून विचारलं, "वैनी, केस कशाची हाय? जमिनीची का?" कारण सेशन म्हटलं की त्यांना कोर्टच दिसतं. पलीकडची बाई एकदा मार्गदर्शक व्हायची. त्या दिवशी तुम्ही डोक्यावरून पदर घेऊन मोबाईलला हळदीकुंकू वाहिलंत. मग ती साथी झाली. तुम्ही म्हणालात, "ह्या वयात साथी? गावात तोंड दाखवायची सोय ठेवा." मग ती कोच झाली. मी म्हटलं, कोच म्हणजे रेल्वेचा डबा, हे पूर्णेच्या बाईला शिकवू नका. एकदा स्वयंसहाय्य असं आलं, तर तुम्ही लगेच विचारलंत, "म्हंजे मीच मला बोलायलेय का?"

मी ऋतूला विचारलं, "ती बाई तरी खरी हाय का यंत्र?"

"आजी, थोडी माणसं, थोडं यंत्र. हायब्रीड असतं ते."

"हायब्रीड ज्वारी असती माय. भाकरी होते, पण चव लागत न्हाई."

तुम्ही पोट धरून हसलात. मी म्हटलं, विहीणबाई, ह्याला एक काहीतरी नाव ठरवून घ्या. क्लास असेल तर क्लाससारखं वागा, दवाखाना असेल तर दवाखान्यासारखं. तुम्ही म्हणालात, "नावाला काय चाटायचंय? गुण आल्याशी कारन." मी म्हटलं, आम्ही मास्तर लोक आधी नाव विचारतो. तुम्ही म्हणालात, "म्हून तर तुमच्या शाळंतून पोरं पळत होती." तिथं चहा आला आणि भांडण राहिलं. मला वाटलं, पुढच्या खेपेला.

तुम्ही नावाला मानत नव्हतात हे खोटं होतं, विहीणबाई. तुमच्याइतकं नावाप्रमाणे चालणारं माणूस मी बघितलं नाही. कार्यक्रम म्हटलं तेव्हा तुम्ही ठेवणीतलं लुगडं नेसून मोबाईलपुढं बसलात. गृहपाठ आला तेव्हा पाटी मागितलीत. आणि मग एके दिवशी त्यात आलं, "तुमचा उपचार सुरू झाला आहे." ऋतूनं तुम्हाला ते वाचून दाखवलं होतं. परवा ती मला सांगत होती. सांगताना आधी हसली, मग हुंदका आवरेना तिला.

तुम्ही विचारलंत म्हणे, "उपचार म्हंजे इलाजच ना गं?"

"हो आजी."

"डोक्याचा?"

"मनाचा गं आजी."

"मन काय गुडघ्यात असतं का मग?"

एवढंच झालं. पोरगी हसत हसत पुण्याला गेली.

तुमचे वडील हकिमाच्या हाताखाली औषधं कुटायचे, हे तुम्ही मला कितीदा सांगितलंय. त्या हकिमाचा एक नेम होता. एका अंगाला एकाच हाताचा गुण लागतो. एकाचा इलाज चालू असला की दुसऱ्याचं औषध तोंडात घालायचं नाही. घातलं की दोन्ही औषधं पोटात भांडतात आणि माणूस मधल्या मधी मरतो. पहिला हकीम "बस" म्हणेपर्यंत दुसऱ्याच्या पुडीला शिवायचं नाही. तुम्ही त्याला परहेज म्हणायचात. सुरेखाला कावीळ झाली तेव्हा ह्याच नेमावरून तुम्ही माझ्या बाराक्षाराच्या गोड गोळ्या परत पाठवल्या होत्या. मी आठ दिवस फुगून बसले होते, शिकलेल्या बाईचा अपमान झाला म्हणून. फुगायची मला फार हौस होती तेव्हा.

म्हणजे जोवर तो क्लास होता, कार्यक्रम होता, तोवर तुमची गोळी चालू होती. तो इलाज झाला आणि त्याच दिवशी गोळी डब्यात गेली. त्या मोबाईलवाल्यांना एक दिवस वाटलं असेल, आज वेगळा शब्द घालू. शब्द घालणाऱ्याला तुमच्या वडलांचा हकीम कुठून माहीत असणार?

मग ते संपलं तरी असतं! मोबाईलवर एक दिवस फुलांचं चित्र आलं, "अभिनंदन, तुमचा कोर्स पूर्ण झाला." तुम्ही गल्लीत पेढे वाटलेत. मला वाटतं तुम्ही त्या दिवशी डब्याचं फडकंही सोडलं असेल. पण दुसऱ्याच दिवशी आलं, "तुमचा उपचार पुढे सुरू राहील." कोर्स संपला, उपचार चालू. तुम्ही फडकं पुन्हा बांधलंत.

मी शेवटची आले तेव्हा मानवतला एसटीतून उतरून तुमच्यासाठी गरम जिलबी आणली होती. तुम्ही म्हणालात, "सध्या परहेज चालूए, पर गोडाचं न्हाई, आना इकडं." मी विचारलं, मग कशाचं? तुम्ही तोंडात जिलबी घातलीत आणि उत्तर गिळून टाकलंत. नंतर चहा पिता पिता तुम्ही मध्येच थांबलात. कप वाकडा झाला, चहा लुगड्यावर सांडत राहिला, आणि तुमचे डोळे माझ्या खांद्यावरून पलीकडं कुणाला तरी बघत होते. तोंडाचा कोपरा बारीक उडत होता. मग तुम्ही परत आलात आणि अर्ध्या राहिलेल्या वाक्याला तिथूनच धरलंत. मी म्हटलं, "काय विहीणबाई, रेंज गेली का?" तुम्ही म्हणालात, "वयच झालं की. चक्कर हाय."

इतकी वर्षं आपणच ठरवलेला शब्द होता तो. त्यानं मला अगदी अलगद फसवलं.

निघताना तुम्ही माझ्यासमोर मोबाईलचं बटण दाबून विचारलंत, "बाई, माझा इलाज कधी संपल? मला सांगून ठेवा म्हंजे मला म्होरचं बगता येईल." आणि त्यातून गोड आवाज आला, "प्रत्येकाचा प्रवास वेगळा असतो. तुमच्या भावना आम्ही समजू शकतो."

मी खो खो हसले. म्हटलं, पूर्णा जंक्शनची चौकशी खिडकी परवडली, गाडी लेट आहे एवढं तरी सांगते. तुम्ही हसला नाहीत. मोबाईल उलटा ठेवलात आणि म्हणालात, "सांगतेल. त्यास्नी कळत असल की." तुमच्या आवाजात त्या बाईवरचा जो भरवसा होता, तो आता मला भुतासारखा वाटतो.

हौदाजवळ तुम्ही पडलात ती दुपार होती. सुरेखा कपडे वाळत घालायला गच्चीवर, बाकी सगळे शेतात. मानवतच्या डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं, फीट. दाराबाहेर येईपर्यंत त्याचा अटॅक झाला. तुमच्या दिरांनी नातेवाइकांना फोन लावले, अटॅक, अटॅक. मरणालासुद्धा आपण दुसरं नाव दिलं, विहीणबाई. आता कुठल्या पोरी उजवायच्या राहिल्या होत्या, कुणास ठाऊक.

त्या दिवसांत मी सुरेखाकडंच बघत होते. तिच्या हृदयाची झडप बदलली तेव्हा डॉक्टरांनी तुम्हाला आणि मला समोर बसवून बजावलं होतं, रक्त पातळ ठेवायची गोळी जन्मभर. चुकली तर झडपेवर रक्त गोठायला वेळ लागत नाही. तुम्ही तेव्हा सुनेची गोळी स्वतःच्या हातानं काढून द्यायचात. त्याचं मी कधी तोंडावर कौतुक केलं नाही. विहिणीचं कौतुक विहिणीनं करायचं नसतं, असा माझा एक नेम होता. तुमच्या हकिमापेक्षा तो काही शहाणा नव्हता. पण तुम्ही दोघी सासूसुना एका मोबाईलपुढं मांडीला मांडी लावून बसायचात, हेही मी बघितलं होतं. मी रोज सुरेखाला विचारायचे, घेतलीस? रोज हाव. रोज ती कुठंतरी दुसरीकडं बघायची. म्हटलं, दुःखातली बाई आहे, किती खोदायचं.

काल तुमची तेरवी झाली. पुरुषांची पंगत उठली आणि आम्ही बायका बसलो. माझ्या शेजारी तुमच्या भजनातली गोदाबाई. तिला शुगर आहे हे साऱ्या गावाला माहीत. ती बुंदी मागून घेत होती.

मी म्हटलं, "गोदाबाई, बेतानं. शुगर हाय ना तुमाला?"

"असू द्या की. गोळ्या बी बंदच हायत."

"बऱ्या झाल्या का काय?"

"न्हाई वो. परहेज चालूए. तुमच्या इहीनबाईनं त्यो मोबाईलवरला इलाज मलाबी लावून दिला न्हाई का. एका अंगाला एकच हात, म्हनल्या."

मी पंगतीकडं बघितलं. तुमच्या सगळ्या मैत्रिणी ओळीनं बसलेल्या, खाली माना घालून जेवताहेत. मी आवाज चढवला. पोरांवर ओरडून कमावलेला आवाज आहे, अजून शाबूत आहे. "बायांनो, त्या मोबाईलचा इलाज चालू हाय म्हणून ज्यांनी आपल्या गोळ्या बंद केल्यात, त्यांनी हात वर करा."

कुणीतरी म्हणालं, "झालं, मास्तरीणबाईची शाळा भरली." बाया हसल्या. मी हसले नाही. मग त्यांचं हसू ओसरलं.

उजवे हात भातात होते. म्हणून डावे हात वर आले. आधी गोदाबाईचा. मग भिंतीकडच्या एकीचा. मग थांबून थांबून आणखी, दारापासून न्हाणीपर्यंत. मेलेल्या माणसाच्या पंगतीत डावे हात वर धरून बसलेल्या बाया. माशी बसली तरी हात खाली येत नव्हता.

सुरेखा वरण वाढत होती. तिनं बादली खाली ठेवली. पळी तिच्या उजव्या हातात तशीच राहिली आणि डावा हात वर गेला. पूर्ण नाही. खांद्यापर्यंत.

"कधीपासून?" मी विचारलं.

"आत्याबाईच्या संगंच बंद केल्ती."

"आणि त्या गेल्या तरी सुरू नाही केलीस?"

"आई, त्यांचा इलाज अर्धाच राहिला म्हनून असं झालं. माझा मधी तोडला तर माझंबी तसंच व्हईल की." असं बोलताना तिला धाप लागत होती. दारापासून माझ्या पानापर्यंत चालत आली होती, तेवढ्यानं.

तेरवीच्या पानावरून घास टाकून उठू नये, हे मला कुणी शिकवायला नको. उठलं तर गेलेलं माणूस उपाशी राहतं. मी उठले. उष्ट्या हातानंच लेकीचं मनगट धरलं. गोदाबाईला म्हटलं, "गोळी घ्या आधी, बुंदी मागून." बाकीच्यांना म्हटलं, "घरी जा आणि आपापले डबे उघडा." तुमच्या दिरांनी मागून हाक मारली, "इहीनबाई, पान पूर्न करा!" तोवर आम्ही जीपमध्ये बसलो होतो.

आता आम्ही परभणीला दवाखान्यात आहोत. सुरेखाला कालच आत घेतलंय. मला बाहेर बाकड्यावर बसवलंय. रक्त पुन्हा तपासायला गेलंय आणि डॉक्टर सरळ काही बोलत नाहीत. तुमच्या दिरांचा मघाशी फोन आला. म्हणे, तेरवीच्या घासाला अजून कावळा शिवला नाही, वैनी उपाशी राहिल्या, तुम्ही परत येऊन पान पूर्ण करा.

मी येणार नाही, विहीणबाई. राहा उपाशी. तुम्हाला बोलावंसं वाटलं तर माझ्याकडं या, माझ्याशी भांडा, चपलेनं मारा, जुनी आणा. पण त्या दाराच्या आत बघू नका. सून तुमची असेल. लेक माझी आहे.